न उचललेली कुदळ

१

वाफा जागेवर होता. रोपं नव्हती.

जयूला आधी वाटलं, आपण भलत्याच शेतात आलो. तसं व्हायला काही फार लागत नव्हतं. उज्जैनचं नवं विद्यापीठ म्हणजे देवास रोडला वस्ती संपल्यावर लागणारी ज्वारीची शेतं, मधोमध एक जुनी कोठी, कोठीत प्रयोगशाळा, आणि बाकीचं सगळं अजून साहेबलोकांच्या बोलण्यात. पण कोठीमागचा हा वाफा कुसुमआत्याचाच होता. दगडांची कड तिनं स्वतः लावली होती. कडेला पत्र्याची शेड होती, शेडला टेकून कुदळ उभी होती. काल संध्याकाळी याच वाफ्यात आलीची हिरवी झुडपं डोलत होती, आणि आज तिथे नुसता चिखल.

आत्या मटकन कडेच्या दगडावर बसली. ती रडली असती तर जयूला बरं वाटलं असतं. ती रडली नाही. चिखलात हात घालून चाचपडत राहिली, जणू एखादं मूळ तरी मागे राहिलं असेल.

"शनिवारी पाहुणे येतायत, जयू," ती एवढंच म्हणाली.

त्या एका वाक्यात आत्याचं सगळं भवितव्य होतं.

आल हे मुळात साधंसुधं झुडूप. एके काळी माळव्यात शेतंच्या शेतं असायची त्याची. मुळांपासून लाल रंग निघायचा आणि भैरवगढच्या छिप्यांचं सगळं छापकाम त्यावर चालायचं. मग परदेशी रंगाच्या पुड्या आल्या आणि लोकांनी आल उपटून ज्वारी लावली. कुसुमआत्यानं कुठून कुठून बी मिळवून ती पुन्हा लावली होती, तीन वर्षं पोरासारखी वाढवली होती. तिचं म्हणणं होतं की हा लाल उन्हात विटत नाही. त्यावर पुढचं संशोधन करायला तिला विलायतेतल्या एका विद्यापीठात जागा मिळण्यासारखी होती. लंडनमध्ये नव्हे हं, पार खेड्यात, जिथे वर्गाच्या खिडकीतून मेंढ्या दिसतात म्हणे. तिथले प्राध्यापक शनिवारी येणार होते. त्यांच्यासमोर झाड उपटायचं, मूळ उकळायचं, कापड रंगवायचं. वाळलेली मुळं चालणार नव्हती, कारण ही बाजारातली मंजिष्ठा आहे, तिचाही रंग लालच, असं कुणीही म्हणू शकलं असतं. रोपं नाहीत तर प्रयोग नाही, आणि प्रयोग नाही तर ती जागा तिच्या सहकाऱ्याची, विनायकरावांची.

जयूनं पदर खोचावा तशी ओढणी कमरेला गुंडाळली. ती दहावीत होती, परवाच वादविवादात मुलांच्या शाळेला पाणी पाजून आली होती, आणि तिला वाटत होतं की जगात आपल्याला न सुटणारं असं फारसं काही उरलेलं नाही.

"आत्या, ऊठ. चिखलात हात नको घालू. पुरावा आहे तो."

२

पुरावा असा होता. पंधरा दिवस पावसानं उघडीप दिली होती, आसपासची काळी माती भेगाळून दगडासारखी झाली होती. फक्त वाफाच तेवढा ओला होता, आणि नुसता ओला नव्हे, चपचपीत. पाणी अजून जिरलं नव्हतं. म्हणजे काम आज सकाळचंच. विहीर होती पार कोठीच्या पुढच्या अंगाला. कुणीतरी तिथून बादल्यांवर बादल्या वाहून आणल्या होत्या, माती लोण्यासारखी केली होती, आणि एकेक झाड हातानं ओढून काढलं होतं. चिखलात एकही तुटका तुकडा नव्हता. घाव नव्हता.

"किती जपून काढलीत बघ," आत्या म्हणाली. तिच्या आवाजात राग कमी आणि आश्चर्य जास्त होतं.

जयू कुदळीकडे बघत राहिली. पातं कोरडं, वर कोळ्याचं जाळं. कुदळीनं हे काम चटकन झालं असतं. चोराला घाई असते. मग हा कसला चोर, जो हाताशी असलेली कुदळ सोडून विहिरीच्या खेपा घालतो?

तिला तेव्हा उत्तर सुचलं नाही. तिनं आधी सोपा माणूस धरायचा ठरवला. सोपा माणूस मैदानावरच सापडला.

विनायक रजवाडे हे आत्याबरोबरच संशोधन करत, आणि आत्या गेली नाही तर त्यांचा नंबर होता. ते बाह्या सरसावून घरून आणलेल्या पहारीनं बॅडमिंटनच्या खांबांसाठी खड्डे खणत होते. घामानं निथळत होते आणि स्वतःवर भलतेच खूश होते. कोठीचा चौकीदार लांब उभा राहून कानाला हात लावत होता. रोपं गेल्याचं ऐकून विनायकरावांचा चेहरा खरंच पडला, की त्यांनी पाडला, हे जयूला कळेना.

तिनं सरळ विचारलं की सकाळपासून ते कुठे होते. ते म्हणाले, इथेच, सूर्य उगवल्यापासून याच खड्ड्यांत, चौकीदाराला विचार, तो तेव्हापासून शिव्याशाप देतोय. चौकीदारानं मान हलवली. मग विनायकराव जरा चिडून बोलले.

"मला जायचंय विलायतेला, लपवत नाही मी. पण कुसुमताईंना हरवून जायचंय. त्यांची झाडं पळवून गेलो तर जिंकलो कसला?"

"पण फायदा तुमचाच झाला ना?"

"फायदा माझा, मतलब चोर मी? मग तर दिवाळीत फटाकेवाल्यांनाच पकडा सगळ्या आगींसाठी."

जयूला हसू आलं, आणि संशयिताच्या विनोदाला हसल्याबद्दल तिनं स्वतःला दटावलं.

दुसरे कासमभाई. भैरवगढचे छिपे, आत्याला रंगाची जुनी रीत शिकवणारे. गेल्याच महिन्यात त्यांनी दोन झाडं मागितली होती आणि आत्यानं नाही म्हटलं होतं. जयू सायकल हाणत भैरवगढला गेली. कासमभाई सकाळपासून ठशावर ठसा मारत बसले होते, समोर हातभर ओलं कापड पसरलं होतं, आणि एवढं काम मधे उठून झालंच नसतं. बातमी ऐकून त्यांचा हात हवेतच थांबला. म्हणाले, "बेन, म्हारे चाहिए होती तो म्हें रात में खोदके ले जातो, थारे कई मालूम पड़ती?" आणि त्यांच्या बायकोनं आतून ओरडून त्यांना गप्प केलं.

खोदके. जयूच्या मनात तो शब्द काट्यासारखा रुतला. ज्याला कुणाला झाडं हवी असतील तो खोदणारच. मग यानं का खोदलं नाही?

३

दुपारी दोघी मोघे सरांकडे गेल्या. डॉक्टर गोपाळकृष्ण मोघे विभागप्रमुख होते, आवारातच बंगलीत राहत. बायको पुण्याला माहेरी होती. सर पाच वर्षं विलायतेत राहून आले होते, ते मेंढ्यांचं विद्यापीठ म्हणजे त्यांचंच विद्यापीठ. आलीचा लाल वर्षभरात विटतो, असं त्यांनी तिथे असताना सिद्ध केलं होतं आणि त्यावरच त्यांना डॉक्टरकी मिळाली होती. आत्यानं हा विषय घेतला तेव्हा त्यांनी तिला दुसरा घे म्हणून दोनदा सुचवलं होतं. मग हसून म्हणाले होते, विज्ञानात मुभा असते, घे बाई.

सरांनी सगळं ऐकलं, चष्मा पुसला, हळहळले. मग चहा केला. त्यांना स्वतः करायची हौस होती. चहाबरोबर त्यांनी पावाचा लांबलचक लोफ हातानं तोडून मोठेमोठे तुकडे बशीत घातले, जॅम चमच्याच्या पाठीनं फासला, आणि दोघींच्या हातात एकेक अख्खी काकडी आणि बाजूला मीठ ठेवलं.

"विलायतेत शेतावर असंच खातात," ते म्हणाले. "सुरीकाट्यांची नाटकं शहरात."

जयूनं काकडीचा कडकडून चावा घेतला आणि विलायतेबद्दल तिचं मत बरंच सुधारलं.

तिनं शाळेला आज सुट्टी असल्याचं सांगितलं तेव्हा सर म्हणाले, "सुट्टी? आज काय आहे?" नागपंचमी म्हटल्यावर त्यांनी हात झटकला. या देशात वर्षाचे अर्धे दिवस साप, झाडं आणि चंद्र यांना वाहिलेले आहेत, असलं काहीतरी इंग्रजीतून बोलले. मग आत्याला समजावू लागले. पाहुण्यांना ते स्वतः सांगतील, पुढच्या वर्षी बघू म्हणून. यंदा विनायकला जाऊ दे. नव्यानं लावलीस तरी तीन वर्षं लागतील म्हणा, पण तू तरुण आहेस.

"मी एकोणतीस वर्षांची आहे, सर," आत्या म्हणाली.

बाहेर पडल्यावर ती फाटकाशीच थांबली. मग म्हणाली की पुढच्या वर्षी वगैरे काही नसतं. प्रभाकर, म्हणजे जयूचे बाबा, कचेरीबरोबर भोपाळला गेले, कारण मध्य भारत मोडून मध्य प्रदेश झाला आणि अर्धं सरकार तिकडे हललं. ती गेली की घरी माई आणि जयू, दोघीच. माईंना तिचं जाणं पसंत नव्हतंच. यंदा गेलं नाही तर कायमचं राहिलं.

४

माई म्हणजे जयूची आजी, आत्याची आई. विलायतेचा विषय निघाल्यापासून महिनाभर त्या आत्याशी कामापुरतंच बोलत. त्या दिवशी त्यांनी पुरणाची दिंडं उकडली होती. रोपं गेल्याचं ऐकून त्यांनी चुलीतलं लाकूड उगाचच पुढेमागे केलं आणि म्हणाल्या, "देवाच्या मनात नसेल तिचं जाणं."

जयूला राग आला. राग आला की तिला भूक लागायची. तिनं फळीवरचं लिंबू घेतलं आणि विळी ओढली.

"ठेव ती विळी!" माई ओरडल्या. "आज चिरतात? पंचमी आहे. चिरायचं नाही, तळायचं नाही, जमिनीला लोखंड लावायचं नाही. नागाला लागतं. एवढी मोठी झालीस, दर वर्षी सांगायला लागतं का?"

जयू विळीशी तशीच उकिडवी बसून राहिली.

जमिनीला लोखंड लावायचं नाही.

म्हणून कुदळ उचलली नाही. म्हणून विहिरीच्या खेपा घातल्या. दुसऱ्याची तीन वर्षं उपटून नेताना ज्याला काही वाटलं नाही, त्याला बिळातल्या नागाला लागेल याची भीती वाटली. चोर पंचमी पाळणारा होता. विनायकराव तर पंचमीच्या दिवशी सगळ्यांदेखत खड्डे खणत होते. कासमभाईंचा पंचमीशी संबंध नव्हता. मग पाळणारं कोण होतं? आत्या जाऊ नये असं वाटणारं, आणि पंचमीला सुपारीही न कातरणारं?

तिनं हळूच मान वळवली. माईंच्या लुगड्याचे काठ दांडीवर वाळत होते. चिखलानं काळे झालेले.

माई पहाटेच घराबाहेर पडल्या होत्या.

पुढचा तासभर जयूच्या आयुष्यातला सगळ्यात वाईट तास होता. सकाळी तिला वाटत होतं की आपण चोर शोधू, सगळे टाळ्या वाजवतील. आता तिला वाटत होतं, चोर न सापडला तर बरं. माईंनी वाढलेलं दिंड तिनं ताटातच बाजूला सारलं. माईंनी कपाळाला हात लावून बघितला, ताप तर नाही ना. तो हात तिला सहन होईना.

शेवटी ती उठली आणि शेजारच्या शोभामावशींकडे गेली. मोठ्या बेरकीपणानं विचारायचं ठरवलं होतं, पण तोंडातून सरळच निघालं, माई पहाटे तुमच्याबरोबर होती का. शोभामावशींनी तर पाल्हाळच लावलं. वर्षातून एकच दिवस उघडणारं ते नागचंद्रेश्वराचं देऊळ, ती रांग, ती धक्काबुक्की. आधी शिप्रेवर स्नान, घाटावर हा एवढा चिखल, माईंचा पाय घसरला, मीच धरलं. मग रांगेत उभं राहून पाय मोडले, दर्शन घेऊन परतलो तर ऊन डोक्यावर आलेलं. क्षणभर नजरेआड झाल्या नाहीत हो, माझाच आधार घेत होत्या, गुडघे कुठे साथ देतात त्यांना.

जयूनं मावशींना मिठी मारली. मावशींना ती रांगेच्या वर्णनाबद्दल वाटली.

माई नव्हत्या. पण मग कोण?

५

षष्ठीच्या सकाळी माईंनी विळी मांडली आणि कालच्या दिवसाची कसर काढल्यासारख्या काकड्या चोचवू लागल्या. जयू दात घासत उभी होती. काकडीच्या फोडी टपाटपा ताटात पडत होत्या. कालची काकडी किती छान होती, अख्खीच्या अख्खी...

तिनं चूळ टाकली ती आत्याच्या साडीवरच.

"आत्या! पाव!"

"काय झालं काय तुला?"

जयूला धड बोलता येईना. पाव सरांनी तोडला. हातानं. काकडी दिली ती अख्खी. जॅम चमच्यानं. घरात सुरी नव्हती का? होती, ओट्याच्या वर खिळ्याला टांगलेली, लखलखीत. विलायतेत असंच खातात, म्हणे! आणि वर म्हणतात, आज काय आहे. पंचमी आहे हे त्या घरात माईंइतकंच कुणालातरी पक्कं ठाऊक होतं.

आत्या पांढरी पडली. "सर कशाला..." म्हणाली आणि थांबली. कशाला, ते तिला बोलता बोलताच कळलं. लाल टिकला, तर सरांची डॉक्टरकी ज्यावर उभी आहे ते खोटं ठरतं, आणि तेही त्यांच्याच विद्यापीठाच्या माणसासमोर.

"जयू, काल ते चिरत नव्हते," ती सावकाश म्हणाली. "आज माझी झाडंही चिरतील."

दोघी एका सायकलवर निघाल्या. टॉवर चौकात जयूनं एका टांग्याला अशी हूल दिली की घोडा उभा राहिला. बंगलीचं दार नुसतं लोटलेलं होतं. आत्यानं ठोठावलं नाही.

मोघे सर ओट्याशी उभे होते. खाली पाण्यानं भरलेलं घंगाळ, त्यात आलीची झाडं, पानं अजून हिरवी, मुळं लांब, अखंड. एक झाड पाटावर आडवं घातलेलं. सरांच्या हातात सुरी होती. बाजूला पातेल्यात पाणी उकळत होतं, आणि खुर्चीवर, रंग धरावा म्हणून हरड्याच्या पाण्यातून काढलेलं पिवळसर कापड.

सरांनी वळून बघितलं. पाणी उकळतच होतं.

"सुरी खाली ठेवा, सर," आत्या म्हणाली.

त्यांनी ठेवली. मग एखादा मुलगा शाळेत पकडला जावा तसे ते उभे राहिले. जयूनं मनाशी केवढं भाषण तयार केलं होतं! कुदळ, विहीर, पाव, काकडी, सगळं क्रमानं. तिनं ते म्हटलंसुद्धा, पण काकडीपर्यंत येता येता तिचा आवाज लहान झाला, कारण सर ऐकत नव्हते. ते आत्याकडे बघत होते.

"फेकून देणार होतो," ते म्हणाले. "कालच. मग वाटलं, एकदा स्वतः उकळून बघावं. तुझं खरं आहे का ते मला कळायला हवं होतं."

"मग मला विचारायचं होतं. प्रयोगशाळेच्या खिडकीत कापड आहे. वर्षभर अर्धं झाकून उन्हात टांगलंय. दोन्ही बाजू सारख्याच लाल आहेत."

"पाहिलंय ते. म्हणून तर."

आत्या पुढे झाली. जयूला वाटलं ती त्यांना मारणार. तिनं पाटावरचं झाड उचललं आणि मुळावरून बोट फिरवलं, कुठे चीर पडली आहे का बघत. पडली नव्हती.

"कुदळीला हात घातला होता मी," सर म्हणाले, आणि त्यांना स्वतःचीच लाज वाटल्यासारखे हसले. "वर उचललीच गेली नाही. पाच वर्षं विलायतेत काढून. आई असती तर..."

"आईचं राहू द्या, सर," आत्या म्हणाली. "नागाची काळजी घेतलीत. माझी नाही घेतलीत. घंगाळ उचला. प्रयोगशाळेत पोचवायचंय, तुम्हीच पोचवा."

६

शनिवारी कोठीत चिक्कार गर्दी झाली. पाहुणे उंच, लालबुंद, कानात केस असलेले. आत्यानं त्यांच्यासमोर झाडाचं मूळ सोललं, उकळलं, तुरटीच्या पाण्यातून काढलेलं कापड सोडलं. जयू काठीनं ढवळत होती. कापड हळूहळू गुलाबी झालं, मग विटकरी, मग लाल. खिडकीतल्या कापडाशेजारी ठेवलं तेव्हा विनायकराव सगळ्यात आधी टाळ्या वाजवू लागले, आणि त्यांचं स्वतःचं जाणं त्याच टाळ्यांत वाहून जात होतं हे त्यांच्याइतकं कुणाला माहीत होतं?

पाहुण्यांनी विचारलं, झाडं वाफ्यातून का काढली? ती बघायची होती त्यांना.

सगळी खोली आत्याकडे बघू लागली. मोघे सर भिंतीशी उभे होते. त्यांचं सगळं आयुष्य आता आत्याच्या जिभेवर होतं, आणि जयू मनात म्हणत होती, सांग, सांगून टाक.

"डॉक्टर मोघे सांगतील," आत्या म्हणाली.

सर पुढे आले. ते इंग्रजीत बोलले, फार हळू, आणि जयूला प्रत्येक शब्द कळला. माझा निष्कर्ष चुकीचा होता. मला तो जपायचा होता, म्हणून झाडं मी चोरली. या बाईंनी मला त्यांचं काम नष्ट करू दिलं नाही, त्याबद्दल मी त्यांचा आभारी आहे. एवढं बोलून ते टोपी न घेताच बाहेर गेले. सोमवारी त्यांचा राजीनामा कुलगुरूंच्या टेबलावर होता.

पाहुण्यांनी आत्याला विचारलं, सप्टेंबरात निघता येईल का. तिनं हो म्हटलं.

घरी माई पाटावर बसून वाती वळत होत्या. सगळं जयूनंच सांगितलं, हातवारे करत, सरांचा आवाज काढून, फक्त तो एक वाईट तास सोडून. माईंचे हात मधे थांबले नाहीत. सांगून झालं तरी त्या वळतच राहिल्या. आत्या कोपऱ्यात उभी होती, परवानगी मागायला आलेल्या शाळकरी पोरीसारखी, आणि मागत नव्हती.

माईंनी वात ताम्हनात ठेवली. कापूस हातात तसाच.

"तिकडे थंडी किती असते गं?" त्यांनी विचारलं.

साहेबाच्या एकेका प्रश्नाला पटापटा उत्तरं देणारी कुसुमआत्या. ती तशीच जाऊन माईंच्या शेजारी जमिनीवर बसली.